खोली कोणाला मिळते?

आडनाव विचारण्याची नाशिकला जुनी सवय आहे. पंचवटीत उतरलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव. तेवढ्यावर कपाटातली नामावळीची वही निघते आणि आपले पणजोबा कोणत्या साली गंगेवर आले होते तेही सापडते. त्या चौकशीत थोडा धंदा असतो, पण आपलेपणाही असतो. तिथून दोन-तीन किलोमीटरवर कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या गल्ल्यांत दर जून-जुलैमध्ये हाच प्रश्न पुन्हा ऐकू येतो. उपाध्ये आडनाव विचारतात ते आपल्याला वहीत शोधण्यासाठी. खोलीचा मालक विचारतो ते नकार कसा द्यायचा हे ठरवण्यासाठी.

बारावीचा निकाल लागला की सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक, येवला, नांदगाव, मालेगाव अशा चारी दिशांनी मुले-मुली शहरात येतात. कॉलेजचा प्रवेश गुणांवर होतो, राखीव जागांवर होतो, यादी लागते, यादीत नाव असते किंवा नसते. त्यानंतरची धावपळ मात्र कोणत्याच यादीत दिसत नाही. ब्रोकरकडून नंबर घ्यायचा, फोन लावायचा, भाडे आणि डिपॉझिट विचारायचे, खोली एकट्याची की कॉट बेसिसवर ते विचारायचे. तिकडून दोन मिनिटे गोड बोलणे होते आणि मग हळूच, ‘नाव काय म्हणालात?’ पोरगा सांगतो, ‘पवार.’ आपल्याकडे पवार मराठ्यांत आहेत, आदिवासींत आहेत, दलितांत आहेत, भटक्या जमातींतही आहेत. म्हणून दुसरा प्रश्न येतो, ‘कुठले पवार?’ आणि गावाचे नाव सांगितल्यावर आठवते की खोली कालच दुसऱ्या कोणाला तरी दिली.

कॉलेजात बाक मिळाला पण गावात खाट मिळाली नाही, तर शिक्षण होत नाही. पहिली गोष्ट मिळावी म्हणून या देशाने कायदे केले, राखीव जागा ठेवल्या, न्यायालये बसवली. दुसरी गोष्ट आपण मालकाच्या मर्जीवर सोडली, आणि ती मर्जी जात विचारते. नाशिकने स्वतःला विद्येचे गाव म्हणवून घ्यायचे असेल तर इथे कॉलेजे किती आहेत हे सांगून भागणार नाही. इथे खोली कोणाला मिळते तेही सांगावे लागेल.

कॉलेजांचा आकडा तसा दिपवणाराच आहे. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही सतरा वर्षांनी मोठे. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने १९१८ मध्ये स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये इथे हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज काढले. त्या एच. पी. टी.ने नुकतीच शंभरी ओलांडली. मराठा विद्याप्रसारक समाज १९१४ चा, त्यांचे के. टी. एच. एम. कॉलेज पुढे गोदाकाठी उभे राहिले. मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आले, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, स्पर्धा परीक्षांचे क्लास यांची मोजदाद करायला बसलो तर लेख तिथेच संपेल.

या सगळ्याच्या आधी आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती, तिचा उल्लेख शताब्दीच्या स्मरणिकांत चार ओळींत उरकला जातो. ती म्हणजे बोर्डिंग.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून शिकायला आलेल्या मुलाचे काय होत असे, हे समजायचे तर आधी ‘वार लावून जेवणे’ म्हणजे काय ते नीट पाहायला हवे. गरीब ब्राह्मण मुलगा शहरात आला की सात घरी सात वार लावून घेई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणी ओटीवर झोपायला जागा देई, कोणी माधुकरी वाढी. या मुलांनी अपमान कमी सोसले नाहीत. ताटातले वाढणे आणि यजमानीणबाईंची नजर यांच्या आठवणी मराठी आत्मचरित्रांत जागोजाग आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनच एक गोष्ट सांगायला हवी. ही शिष्यवृत्तीच होती. अर्ज नाही, शिक्का नाही, सरकार नाही. समाजाने आपल्या एका जातीच्या मुलांसाठी परस्पर चालवलेली ही अन्नछत्रांची आणि वसतिगृहांची भली मोठी योजना. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या, कोकण्याच्या मुलासाठी यातले एकही दार उघडे नव्हते. त्याच्याकडे बुद्धी कमी होती म्हणून तो मागे राहिला असे म्हणणाऱ्यांनी आधी त्याला सात घरे दाखवावीत.

हे कोणी ओळखले असेल तर राजर्षी शाहू महाराजांनी. १८९६ मध्ये त्यांनी कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून वसतिगृह उघडले. व्यवस्था ज्यांच्या हाती होती त्यांच्याच जातीच्या मुलांनी काही वर्षांत ते भरून गेले. ‘सर्वांसाठी’ अशी पाटी लावल्याने जागा सर्वांना मिळत नाही, हा धडा महाराजांनी तिथे घेतला आणि १९०१ पासून जातवार बोर्डिंगे काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, पुढे मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे लोण नाशिकला पोचले. इथल्या उदाजी मराठा बोर्डिंगच्या कोनशिलेसाठी शाहू महाराज १९२० साली स्वतः नाशिकला आले होते. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे या मंडळींनी गावोगाव फिरून, धान्य मागून, वर्गण्या मागून जे उभे केले ते आधी बोर्डिंग होते. शाळा-कॉलेजांची माळ नंतर आली. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या घरात आज जो इंजिनिअर आहे, त्याच्या आजोबांची पथारी बहुधा अशाच एखाद्या बोर्डिंगात पडलेली असते.

जातवार बोर्डिंगांना आज नाके मुरडणारे बरेच भेटतात. मला तसे वाटत नाही. ज्या काळी दुसरे दार नव्हते त्या काळी आपले दार आपण बांधणे हाच शहाणपणा होता. पण शाहूंना जे औषध म्हणून द्यावे लागले ते आपण रोजचे जेवण करून टाकले, हेही खरे. आपल्या जातीच्या मुलाला आपली जात बघेल, बाकीच्यांचे बाकीच्यांनी पाहावे, ही वृत्ती तिथून घरमालकांपर्यंत सहज उतरली. त्याच काळात दुसरी वाटही कोणी चालून दाखवली होती. १९२४ मध्ये, म्हणजे नाशिकला एच. पी. टी. कॉलेज निघाले त्याच वर्षी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह सुरू केले. एका पंगतीत जेवण, एका खोलीत झोपणे, झाडलोट सगळ्यांनी मिळून. गांधीजी १९२७ मध्ये ते पाहायला गेले. कर्मवीरांची ही रीत जर राज्यभर रुळली असती, तर आज ब्रोकरला आडनाव सांगताना पोरांची जीभ अडखळली नसती.

आता नाशिकचाच दुसरा इतिहास. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, तुरुंग भरले, लढा काही वर्षे चालला, आणि दार उघडले नाही. याच जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. हे सगळे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात फारसे येत नाही ते असे की, या सत्याग्रहाचे नाशिकमधले आधारस्तंभ दादासाहेब गायकवाड हे दलित मुलांचे वसतिगृह सांभाळत होते. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांत चळवळीच्या मोठ्या डावपेचांबरोबर त्या बोर्डिंगच्या अडीअडचणी येतात. देवळाचे दार ठोठावणारा माणूस मुलांच्या जेवणाची आणि अंथरुणाची काळजीही वाहत होता. यातले मोठे काम कोणते, हे मला सांगता येणार नाही.

त्या सत्याग्रहात १९३२ मध्ये वीस वर्षांचा एक तरुण सामील झाला. एच. पी. टी. कॉलेजात शिकलेला, कविता छापून येऊ लागलेला, जन्माने ब्राह्मण. विष्णु वामन शिरवाडकर. त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषेचा दिवस म्हणून साजरा करतो, त्यांच्या नावाने नाशिकमध्ये स्मारक आहे, शहर त्यांना तात्यासाहेब म्हणते. ते ज्ञानपीठ मिळालेले कवी आहेत हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. विशीत त्यांनी कोणाच्या बाजूने उभे राहायचे ठरवले, हे किती जणांना ठाऊक आहे? कॉलेजच्या गावाने आपल्या मुलांना एवढे जरी शिकवले तरी पुष्कळ झाले. पण त्या सत्याग्रहींच्या पोरांना त्या काळच्या नाशिकमध्ये गावात खोली मिळाली असती का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे.

उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९१७ मध्ये ते न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात त्यांच्याइतका शिकलेला माणूस शोधून सापडला नसता. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी असल्याचे भासवून एका पारशी वसतिगृहात ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे त्यांनी आसरा मागितला; दोघांनी आपापली अडचण सांगितली. रात्रीची गाडी पकडेपर्यंतचे तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढले. कोलंबिया विद्यापीठाने त्यांना आत घेतले होते. बडोद्याच्या भाड्याच्या खोलीने घेतले नाही.

आणि हे काही १९१७ मध्ये संपले नाही. बाबुराव बागूल हे आपल्या विहितगावचे, १९३० चा जन्म. नोकरीच्या निमित्ताने ते सुरतेला गेले आणि खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. १९६३ मध्ये त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. मराठी कथेचा चेहरा बदलणाऱ्या या पुस्तकाच्या शीर्षककथेचे बीज भाड्याच्या खोलीत आहे. नाशिकने या लेखकाचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच्या कथेतला घरमालक आपल्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत नाही ना, हेही एकदा बघून यावे.

समुद्रापलीकडचे एक कॉलेजचे गाव इथे आठवते. अमेरिकेच्या दक्षिणेतले जॉर्जिया राज्यातले अथेन्स. तिथल्या विद्यापीठाची सनद १७८५ सालची. पांढऱ्या खांबांच्या इमारती, जुनी झाडे, फुटबॉलचे वेड. आज ते गाव संगीतासाठीही नावाजलेले आहे. पावणेदोनशे वर्षे त्या विद्यापीठात एकही काळा विद्यार्थी नव्हता. न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी १९६१ मध्ये शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स या दोघांनी तिथे नाव घातले. इथपर्यंतची गोष्ट न्यायालयाची. पुढची गोष्ट खोलीची. होम्स गावातल्या एका काळ्या कुटुंबाकडे राहिला. हंटरला मुलींच्या वसतिगृहात तळमजल्यावर एकटीलाच खोली दिली. दोनच दिवसांनी रात्री जमाव त्या वसतिगृहावर चालून आला, तिच्या खिडकीवर विटा आल्या. विद्यापीठाने काय करावे? दंगेखोरांना आवरण्याऐवजी या दोघांनाच ‘त्यांच्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून निलंबित केले. न्यायालयाने पुन्हा परत घ्यायला लावले, तेव्हा घेतले. होम्स पुढे डॉक्टर झाला, हंटर नामवंत पत्रकार झाली, आणि २००१ मध्ये विद्यापीठाने आपल्या एका जुन्या इमारतीला दोघांची नावे दिली.

या गोष्टीला एक शेपूट आहे आणि ते जास्त बोचरे आहे. त्याच दशकात विद्यापीठाला नवी उंच वसतिगृहे बांधायची होती. त्यासाठी लिनेनटाउन नावाची काळ्यांची वस्ती शहर सुधारणेच्या नावाखाली पाडली गेली. सुमारे पन्नास कुटुंबे उठवली. गावाच्या प्रशासनाने त्याबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. म्हणजे विद्यार्थ्यांना राहायला जागा व्हावी म्हणून ज्यांना हाकलले, त्यांच्या मुलांना त्या विद्यापीठात कालपर्यंत प्रवेशच नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही शंभर वर्षे तिथल्या घरांची दारे कशी बंद राहतात, हे पाहायला जोतीराव असते तर त्यांनी अर्पणपत्रिकेखाली एक कडक टीप जोडली असती असे मला वाटते.

आपल्याकडच्या दक्षिणेचेही सांगायला हवे. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या मित्रांना शिक्षा झाली ती वसतिगृहातून बाहेर काढण्याची. वर्गात बसा, पण इथे राहू नका. त्यांनी उघड्यावर तंबू टाकला आणि त्याला वेलिवाडा म्हटले. तेलुगूत गावाबाहेरच्या दलित वस्तीला हे नाव आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने जीव दिला. आणि मुंबईत २०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी ज्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईला गेली होती, त्याची पदवी देणारे विद्यापीठ नाशिकचे. तिच्या छळाच्या आरोपांत वॉर्डबरोबर राहत्या खोलीचाही उल्लेख आहे. निकाल न्यायालय देईल. पण एकत्र राहणे हीच आपल्या उच्चशिक्षणाची सगळ्यात कच्ची बाजू आहे, एवढे कळायला निकालाची वाट पाहायची गरज नाही.

घरमालकांचे म्हणणे मी ऐकलेले आहे आणि ते सगळे खोटे असते असेही नाही. पोरे रात्री उशिरापर्यंत गोंगाट करतात. भाडे थकवतात. सोसायटीचा नियम आहे. घरात देव आहेत, मटण शिजलेले चालत नाही. पैकी गोंगाटाला आणि थकबाकीला जात नसते; त्यासाठी करार असतो, डिपॉझिट असते, कॉलेजच्या शिक्षकाची ओळख मागता येते. मटणाचे कारण तर नाशिकमध्ये ऐकताना हसू येते. हे शहर रविवारी दुपारी जेवते काय? शाकाहाराचा आग्रह असणाऱ्याने खुशाल सांगावे, ‘स्वयंपाकघरात मांसाहार नको.’ ही अट सगळ्यांना एकच असेल तर भांडण नाही. पण अट ताटाविषयी सांगायची आणि चौकशी आडनावाची करायची, यात ताट हा बहाणा असतो.

राहिला तो शेवटचा युक्तिवाद, घर माझे आहे, मर्जी माझी. कायद्यात याला आधार सापडतो, हे मान्य करू. संविधानाचे पंधरावे कलम दुकाने, हॉटेले, विहिरी, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे घेते. भाड्याच्या खासगी खोलीचे नाव घेत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेला आपले सभासदत्व पारशांपुरते ठेवायची मुभा दिली. पुढे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन भाड्याच्या घरांची पाहणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना मिळणारे नकार कागदावर आले. तशी पाहणी नाशिकमध्ये कोणी करावी असे मला वाटते, एच. पी. टी. किंवा के. टी. एच. एम.च्या समाजशास्त्राच्या मुलांना याहून चांगला प्रकल्प कोणता मिळणार? कायदा बदलेल तेव्हा बदलेल. वार लावून जेवू घालणाऱ्या घरांनाही कायदा सांगायला आला नव्हता. जात पाहून दार उघडायचे असे ठरवणारी घरे होती, तशी न पाहता उघडणारीही होऊ शकतात.

मालकाच्या घरात जरा आत डोकावले की कळते, हा युक्तिवाद त्याच्या तोंडी सगळ्यात कमी शोभतो. कॉलेज रोडच्या परिसरात दोन-दोन फ्लॅट असणारे कोण आहेत? निवृत्त मास्तर, बँकेतले साहेब, द्राक्षाच्या चांगल्या वर्षी शहरात जागा घेतलेले बागायतदार, सरकारी खात्यातले अधिकारी. यांच्यापैकी अनेकांच्या घराण्याला पहिली पायरी मिळाली ती कोणा परक्याने वर्गणीत टाकलेल्या पायली-दोन पायली धान्यातून. गणपतदादा मोऱ्यांनी किंवा रावसाहेब थोरातांनी दारोदार मागितलेल्या पैशावर बांधलेल्या खोलीत ज्यांचे आजोबा फुकट राहिले, त्यांच्या नातवाने पूर्ण भाडे देऊ पाहणाऱ्या पोराला ‘कुठले पवार?’ विचारावे?

आदिवासी मुलांचा प्रश्न वेगळा काढतो, कारण तो नाशिकचा खास आहे. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. सुरगाणा आणि पेठ याच जिल्ह्यात आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून ‘स्वयम’ योजना आली. तशीच अनुसूचित जातींच्या मुलांसाठी ‘स्वाधार’. जागा नाही तर पैसे घ्या आणि तुमची सोय तुम्ही करा, असा त्यांचा मथितार्थ. योजना सुरू झाली तेव्हा नाशिकसारख्या शहरासाठी वर्षाला ५१ हजार रुपये ठरले, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजार. त्यात खोली, जेवण, वह्या, प्रवास. पैसे कमी आहेत, उशिरा येतात, हे तर आहेच. पण समजा ते दुप्पट झाले आणि वेळेवर आले, तरी ‘सोय तुम्ही करा’ या तीन शब्दांत शासनाने काय केले आहे? त्याने मुलाला बाजारात पाठवले आहे, आणि त्या बाजारात पैशाच्या आधी आडनाव मोजले जाते. २०१८ मध्ये वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकण्याचा निर्णय झाला, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांचे म्हणणे लोकांना विचित्र वाटले. पैसे मिळतात तर पोरांना जेवण कशाला हवे? ज्यांना शहराने कधी ताट वाढलेले नाही, त्यांना मेसची किंमत कळते.

शासनाने वसतिगृहे बांधावीत, भरपूर बांधावीत. त्यांत खोल्या वाटताना जातवार मजले पडू नयेत, यासाठी कर्मवीरांचा सातारा डोळ्यांसमोर ठेवावा. पण सगळे शासनाच्या गळ्यात टाकून मोकळे होण्याचा नाशिकला अधिकार नाही. या शहराला परक्या माणसाला उतरवून घेण्याची कला शिकवायची गरज नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, तपोवनात साधुग्राम वसते, आखाड्यांना जागा, पाणी, वीज, रेशन सगळे मिळते. लाखोंची सोय करणारी ही नगरी सुरगाण्याच्या दोन मुलींना एक खोली देताना मात्र गांगरते. आणि मुलींचे तर दुहेरी: जात विचारली जाते ती वेगळी, आणि ‘मुली नकोत, जबाबदारी असते’ हे वेगळे.

कॉलेजांना यात करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले बहुतेक फुकट आहे. प्रवेशाच्या खिडकीजवळ आज क्लासवाल्यांची पत्रके असतात. तिथे कॉलेजने स्वतःची खोल्यांची वही ठेवावी. नाव नोंदवणाऱ्या मालकाने एवढेच लिहून द्यावे, की भाडे, डिपॉझिट आणि घरातले नियम सोडून मी विद्यार्थ्याला काही विचारणार नाही. ज्याच्याविरुद्ध दोन तक्रारी आल्या त्याचे पान फाडावे. भाडे बुडण्याची भीती असलेल्या मालकाला विभागप्रमुखाने जामीन राहावे. मास्तरांच्या सहीला या शहरात अजून थोडी किंमत आहे. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, जेवणावळी उठतात, ढाल-ट्रॉफ्या वाटल्या जातात. तिथे उभे राहून कोणी विचारावे, की दुसरा फ्लॅट कोणाकोणाकडे आहे. जुन्या बोर्डिंगांच्या ट्रस्टांनीही आपल्या घटनेचे कागद एकदा काढून पाहावेत. मूळ हेतूला धक्का न लावता दहा खाटा इतर जातींच्या, इतर धर्मांच्या मुलांसाठी राखता येतील. मालेगावहून आलेला अन्सारी नावाचा मुलगा उदाजी बोर्डिंगच्या अंगणात क्रिकेट खेळताना दिसला, तर शाहू महाराजांनी रागावायचे काय कारण?

हे सगळे वाचून एखादा म्हणेल, आम्ही कधी कोणाची जात काढली नाही, आमच्याकडे तसले नसते. तसे असेल तर उत्तमच. मग पुढच्या जूनमध्ये अनोळखी नंबरवरून फोन येईल, पलीकडचा आवाज थोडा बिचकलेला असेल, मराठीला डांगी किंवा अहिराणी वळण असेल. त्याला भाडे सांगा, डिपॉझिट सांगा, नळाला पाणी किती वाजता येते ते सांगा, गाडी लावायला जागा नाही हेही सांगा. खोली पाहायला कधी येतोस एवढे विचारा. नाव तो आल्यावर सांगेलच, करारावर लिहायला लागते.